बातमीमागचा माणूस : राहुल बारपुते

तिळी चतुर्थीला खजरान्याच्या गणपतीची जत्रा भरते. शेजारच्या माळवी घरांच्या पंचांगाप्रमाणे ती माघात येते, आपल्या पंचांगाप्रमाणे पौष वद्यात. दिवस मात्र एकच. या देवळाचा संबंध परंपरा अहिल्याबाईंशी जोडते. त्याच गावात नाहरशाह वलींचा दर्गा आहे. एके काळचे हे स्वतंत्र गाव इंदूर शहराने आता आपल्यात सामावून घेतले आहे. अशा गावांच्या जत्रेची, रस्त्याची, पाण्याच्या टंचाईची बातमी दोन-चार ओळींत छापली जाते आणि ती कोणी आणली हे सहसा कोणी विचारीत नाही.

वार्ताहर म्हटला की धीट, बोलका, गर्दीत पुढे घुसणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. संकोची माणसाने या वाटेला जाऊ नये, असा समज आहे. लहान गावापुरता तरी तो पुरता खरा नाही. तेथील वार्ताहराला ज्याच्याविषयी लिहिले तोच माणूस दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात भेटतो. त्यामुळे कमी बोलणे, पुष्कळ ऐकणे आणि शब्द तोलून लिहिणे हे गुण तेथे उपयोगी पडतात. इंदूरच्या पत्रसृष्टीत या वृत्तीला प्रतिष्ठा मिळाली, त्याचे मोठे श्रेय एका मराठी माणसाकडे, राहुल बारपुते यांच्याकडे जाते.

माळव्यातील वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. ‘मालवा अखबार’ इंदुरातून १८४९ मध्ये निघाले. ‘नई दुनिया’ ५ जून १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सुरू झाले. बारपुते (१९२२–१९९६) त्या पत्राच्या प्रारंभीच्या काळातच संपादक झाले आणि दीर्घकाळ त्या जागी राहिले. घरची भाषा मराठी, लेखनाची भाषा हिंदी. माधवराव सप्रे आणि काशीच्या ‘आज’चे बाबूराव विष्णु पराडकर यांनी जो मार्ग आधी चोखाळला होता, त्याच मार्गावरचे हे पुढचे पाऊल होते.

स्वतःचे नाव पुढे करण्याची त्यांना हौस नव्हती. त्यांची नजर दुसऱ्यांच्या लेखणीवर असे. बदनावरसारख्या लहान गावातून आलेले राजेंद्र माथुर विद्यार्थिदशेत आंतरराष्ट्रीय घडामोडींवरचे लेख घेऊन त्यांच्याकडे आले. विशीतल्या, नाव नसलेल्या मुलाला परराष्ट्रीय राजकारणावर लिहू देणे म्हणजे संपादकाने आपली पत पणाला लावणे होय. बारपुत्यांनी ती लावली आणि १९५५ मध्ये माथुरांचे ‘अनुलेख’ हे सदर सुरू झाले. शरद जोशी यांची ‘परिक्रमा’ याच पत्रात वाचकांपुढे आली. १९६० मध्ये विनोबा इंदुरात मुक्कामाला असताना त्यांच्या कार्यक्रमांचे वार्तांकन तरुण प्रभाष जोशींनी ‘नई दुनिया’साठी केले. पुढे माथुर ‘नवभारत टाइम्स’चे संपादक झाले, तर १९८३ मध्ये निघालेल्या ‘जनसत्ता’चे संपादकपद प्रभाष जोशींनी भूषविले. दिल्लीच्या हिंदी पत्रकारितेतील ही दोन मोठी नावे इंदूरच्या एकाच कचेरीत घडली.

‘नई दुनिया’ची दुसरी ओळख म्हणजे वाचकांच्या पत्रांचे सदर. सभेत उठून बोलण्याचे धाडस ज्याला होत नाही, तो शिक्षक किंवा कारकून आपली तक्रार घरी बसून कागदावर उतरवू शकतो. अशा पत्रांना मानाची जागा देणे म्हणजे अबोल माणसाला नागरिक म्हणून बोलते करणे होय. आणीबाणीत याच पत्राने अग्रलेखाची जागा कोरी ठेवून निषेध नोंदविला. त्या कोऱ्या चौकटीचा अर्थ वाचकांना समजावून सांगावा लागला नाही.

बारपुत्यांचे जग कचेरीपुरते नव्हते. क्षयाच्या आजारपणात १९४८ मध्ये देवासला येऊन राहिलेले कुमार गंधर्व आणि चित्रकार विष्णु चिंचाळकर हे त्यांचे निकटचे स्नेही. गायक, चित्रकार आणि पत्रकार अशा या तिघांचे कार्य माळव्यात रुजले. माळवी लोकगीतांतून कुमारांना नव्या बंदिशींची वाट सापडली. बारपुत्यांनी माळव्याच्या हिंदी वाचकाला संयत, नेमक्या गद्याची सवय लावली.

येथे आपल्याला स्वतःला एक प्रश्न विचारणे भाग आहे. होळकरांच्या राज्याबरोबर आलेली आपली घराणी मोडी दफ्तरे, गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग यांचा अभिमान बाळगतात, आणि तो रास्तही आहे. परंतु ज्याने शेजाऱ्याच्या भाषेत आयुष्य वेचले, त्याला आपण आपल्या इतिहासात कोठे बसवितो? हिंदीत लिहिले म्हणून तो मराठीपासून दूर गेला, असे मानले तर आपले येथील वास्तव्य पाहुण्याचेच राहिले असे होईल. माझ्या मते शेजाऱ्याचे सुखदुःख त्याच्या भाषेत अचूक मांडता येणे ही स्थायिक होण्याची शेवटची पायरी आहे. बारपुत्यांनी ती गाठली, आणि तरीही त्यांचे मराठीपण उणावले नाही.

मध्य प्रदेश शासनाने त्यांच्या नावे पुरस्कार ठेवला तो ‘आंचलिक’ पत्रकारितेसाठी, म्हणजे तालुक्या-खेड्यांतून बातमी पाठविणाऱ्यांसाठी. त्यांच्या स्मृतीला याहून शोभणारे निमित्त सापडले नसते. जत्रेच्या गर्दीत एका कडेला उभा राहून वहीत काही टिपून घेणारा अबोल तरुण खजरान्यात आपल्याला दिसला, तर तो त्यांच्याच परंपरेतला आहे, एवढे आपण ओळखावे.