पाटाखालची पांढरी जमीन

आमच्या घरच्या जमिनीचा तळाचा तुकडा दीड एकराचा. त्याला सगळे नुसते 'चोपण' म्हणत. उन्हाळ्यात तो चुना शिंपल्यासारखा पांढरा दिसे आणि पावसाळ्यात पाऊल ठरत नसे. माझ्या आजोबांच्या वडिलांच्या वेळी त्याच तुकड्यात शाळू माणसाच्या डोक्यावर जाई म्हणे. "पाट आला आणि एवढी जमीन गेली," यापलीकडे आजोबा बोलत नसत. बोलणार तरी काय? वरच्या चार एकरांतला ऊस त्याच पाटावर पिकत होता आणि त्या उसावरच मी मॅट्रिक झालो.

हा पाट म्हणजे निरा डावा कालवा. १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी कामावर आलेल्या माणसांनी त्याच्या खोदाईला हात घातला आणि १८८५ साली त्याला पाणी सुटले. पुरंदर, बारामती, इंदापूर हा सारा अवर्षणाचा मुलूख. तिथे बारमाही पाणी आले, गुऱ्हाळे पेटली. असे पाणी पाहिल्यावर जमिनीचे काय होईल हे कोण विचारतो?

ते विचारले गेले पंचवीस वर्षांनी. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी निरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर एक पुस्तिका लिहिली. ती १९१० साली मुंबई सरकारच्या शेतकी खात्याने छापली. आज ज्याला पर्यावरणीय परीक्षण म्हणतात, ते आमच्या भागात तेव्हाच झाले होते, असे मी समजतो. फक्त रोग बळावल्यावर झाले. कारण समजायला सोपे आहे. आमच्या भारी काळ्या जमिनीत पाणी मुरते, पण लवकर निचरत नाही. पाटातून पाझरलेले आणि उसाला हात सैल सोडून पाजलेले पाणी खाली साठते आणि वर चढू लागते. जमिनीच्या पोटातले क्षार त्याबरोबर वर येतात. ऊन पाणी उडवून नेते, मीठ मागे राहते. पहिला बळी ओढ्याकाठच्या सखल जमिनीचा. म्हणजे पाणी पाजले वरच्याने आणि जमीन गेली खालच्याची!

विश्वेश्वरय्यांना ही गोष्ट आधीच दिसली असावी. पुण्याकडे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर असताना, १९०३ च्या सुमारास, त्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ऊस ब्लॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात, तोही फिरता. बाकीच्या जमिनीत हलकी पिके. पाणी अनेक गावांत विभागावे आणि जमिनीला उसंत मिळावी, हा हेतू. पुढे १९१६ साली पाटपाण्याच्या प्रश्नांसाठी मुंबई इलाख्यात एक खास शाखा निघाली. इंग्लिस साहेबांनी तिथे पाणथळीवर आणि चरांवर वर्षानुवर्षे काम केले. खडकवासल्याची आजची जलसंशोधन संस्था त्याच शाखेतून वाढली. १९३८ साली बसू आणि शिरूर यांनी निरा उजव्या व प्रवरा कालव्यांखालच्या जमिनींची वर्गवारी छापली. कोणती माती किती पाणी सोसते, हा प्रश्न निदान कागदावर तरी आला.

एवढी पूर्वपीठिका सांगण्याचे कारण असे की, आता कालव्याला अस्तर करण्याची, म्हणजे काँक्रीटने बांधून काढण्याची गोष्ट निघाली आहे. गळती थांबेल, शेपटाच्या गावांना पाणी पोचेल. हे खोटे नाही. शेपटाकडचे लोक पाण्याच्या पाळीची वाट पाहत कसे दिवस काढतात, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ज्या पाझराने आमचे चोपण झाले, त्याच पाझरावर आमच्या शेजारच्या अण्णांची विहीर चालते. कित्येक विहिरी अशाच. सातबाऱ्यावर त्या विहीर बागायत असतील, पोसतो त्यांना पाट. अस्तराने चोपणाचे भले होईल आणि विहिरीचे वाटोळे. कुठे अस्तर करावे, कुठे करू नये आणि कुठे आधी चर खणावेत, हे मैलामैलाला वेगळे ठरणार.

कायद्याचे म्हणाल तर १९९४ साली आणि पुन्हा २००६ साली पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचना निघाल्या. २००५ साली जागतिक बँकेच्या कर्जाने राज्यात जुन्या कालव्यांच्या सुधारणेचे काम निघाले, तेव्हाही असे परीक्षण झाले. म्हणजे रीत माहीत आहे. परंतु गावच्या सभेत एका साहेबांनी कागद उघडले, तेव्हा त्यांत लांबी होती, सिमेंट होते, वाचणारे पाणी होते. विहिरींचा रकाना नव्हता. मी विचारले. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "गुरुजी, ते आमच्याकडे येत नाही."

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "मास्तर, तुमच्या पोरांना दोरी धरता येते ना?"

तेव्हापासून दर अमावास्येला सातवीची मुले दोरीला दगड बांधून गावातल्या अकरा विहिरींचे पाणी मोजतात. पाट बंद असला की अण्णांच्या विहिरीचे पाणी तिसऱ्या आठवड्यात उतरू लागते, हे वहीत दिसते. चोपणाशेजारच्या पडक्या विहिरीत मात्र भर वैशाखातही पाणी काठापासून चार फुटांवर होते. मुलांनी ते दोनदा मोजले. त्यांना वाटले, दोरी चुकली.