गौण विषय, मुख्य प्रश्न

आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थी मागील वर्षी विषयांच्या निवडीचा कागद घेऊन माझ्याकडे आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात आता मुख्य विषयासोबत एक गौण विषयही घ्यावयाचा असतो. मुले त्यांना 'मेजर' आणि 'मायनर' म्हणतात. त्याने विचारले, “फादर, धर्म हा विषय मायनर म्हणून घेता येत नाही का?” शेजारी बसलेली त्याची आई चटकन म्हणाली, “धर्म आणि तोही गौण?” आम्ही तिघेही हसलो. त्याच्या कागदावर तो विषय नव्हताच. परंतु तो का नसावा, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्याचे उत्तर शोधताना मला जालन्यापासून पुण्यापर्यंत आणि पुण्यापासून रोमपर्यंत जावे लागले.

धर्म शिकविणे आणि धर्माचा अभ्यास करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीत गुरू आपल्या श्रद्धेचा वारसा शिष्याच्या हाती देतो. दुसरीत विद्यार्थी श्रद्धेकडे ज्ञानाचा विषय म्हणून पाहतो, तिचा इतिहास, ग्रंथ आणि तत्त्वे समजून घेतो. आपल्या भूमीत या दोहोंची गाठ फार पूर्वी पडली होती. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, तेव्हा पैठणला संत एकनाथ हयात होते. रविवारी दुपारी ख्रिस्ती सिद्धांताचा वर्ग चालू असता एका ब्राह्मणाने विनंती केली, की जुनी पुराणे आम्हांस वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी आम्हांला काही द्यावे, असा प्रसंग 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच आला आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. मराठी संतकवींची ओवी स्टीफन्स यांनी अभ्यासली नसती, तर तो लिहिला गेला नसता. त्याच्या प्रकाशनाच्या आठ वर्षे आधी, १६०८ साली, आपल्या जिल्ह्यातील जांब या गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला होता. एकाच भाषेतील या दोन ओवीकारांना आपण एकत्र वाचीत नाही, याचा मला नेहमी खेद वाटतो.

एकोणिसाव्या शतकात मात्र धर्माच्या वर्गाकडे लोक भयाने पाहू लागले. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा अनेक पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ साली तेथेच नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा जेमतेम बारा वर्षांचा. त्याचा ताबा कोणाकडे असावा हा वाद न्यायालयात गेला आणि न्यायालयाने मुलास वडिलांच्या हवाली केले. परंतु मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलास जातीत परत घ्यावे की नाही, यावरून दुसरा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे असा आग्रह धरला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका शाळेतील धर्माच्या तासाने एक घर दुभंगले. वडिलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, म्हणजे त्या भयाला मला नावे ठेववत नाहीत.

हेच नारायण शेषाद्री पुढे १८६०च्या दशकात जालन्यास आले. हैदराबाद संस्थानाचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही वसाहत वसविली. आमचे प्रॉटेस्टंट बांधव त्यांचे नाव आजही आदराने घेतात. जालना जिल्ह्यातील ख्रिस्ती इतिहासाचा एक मोठा प्रवाह अशा रीतीने मुंबईच्या एका वर्गातून वाहत आला आहे. हे आपल्या तरुणांपैकी किती जणांस ठाऊक आहे?

शासनाने त्या वादांतून आपला धडा घेतला. १८५४च्या वुड यांच्या खलित्याने सरकारी शाळांत धर्माविषयी तटस्थता सांगितली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते याच तटस्थतेच्या छायेत. १८६९ साली येशूसंघीयांनी मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालय सुरू केले. तेही या विद्यापीठाशी संलग्न. म्हणजे संस्था कॅथलिक, परंतु पदवीचा अभ्यासक्रम विद्यापीठाचा. तरीही अभ्यासास वाट सापडली. १९२२ साली मुंबईस आलेले स्पॅनिश येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली झेवियर्समध्ये इतिहास संशोधन संस्था उभारली आणि भारतीय मूर्ती, शिलालेख, नाणी यांच्या द्वारे धर्मांचा इतिहास विद्यार्थ्यांपुढे ठेवला. धर्म 'धर्म' या नावाने येऊ शकत नव्हता, तेव्हा तो इतिहासाच्या दाराने आला.

अशी तटस्थता पुरेशी आहे काय, हा प्रश्न संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ सालच्या डब्लिन येथील व्याख्यानांत विचारला होता. विद्यापीठ म्हणजे सर्व ज्ञानाचे स्थान. त्यातून ईश्वरविषयक ज्ञान वगळले, तर ती जागा रिकामी राहत नाही, इतर शास्त्रे आपली मर्यादा ओलांडून ती व्यापतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज त्याचा प्रत्यय येतो. वर्गात धर्माचा अभ्यास नसला म्हणून तरुण धर्माविषयी बोलावयाचे थांबत नाहीत; ते भ्रमणध्वनीवर आलेल्या अर्धवट मजकुरावरून बोलतात.

ख्रिस्तसभेने आपल्या धर्मगुरूंसाठी हा अभ्यास फार पूर्वी सुरू केला. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली कँडी येथे स्थापिलेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यास आली, आणि १९७२ पासून तेथील विद्यापीठ ज्ञानदीप विद्यापीठ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या परिसरात फादर रिचर्ड डी स्मेट यांनी शंकराचार्यांचे तत्त्वज्ञान शिकविले. फादर देल्यूरी यांचा विठ्ठलभक्तीवरील ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. फादर मॅथ्यू लेडरले यांनी पुण्याच्या पेठेत स्नेहसदन चालविले आणि आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वविचारांवर १९७६ साली ग्रंथ लिहिला. परदेशातून आलेली ही माणसे आपल्या वारीचा अर्थ आपल्याला सांगत होती.

२८ ऑक्टोबर १९६५ हा दिवस या संदर्भात ध्यानी धरण्याजोगा आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने त्या एकाच दिवशी इतर धर्मांविषयीचे निवेदन, धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाचा आदेश आणि ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे निवेदन प्रसृत केले. पहिल्याने सांगितले, की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही. दुसऱ्याने सेमिनरीतील विद्यार्थ्यांस इतर धर्मांची ओळख करून द्यावयास सांगितले. तिसऱ्याने म्हटले, की ज्या कॅथलिक विद्यापीठात ईशज्ञानाची विद्याशाखा नाही, तेथे त्या विषयाचे अध्यासन किंवा संस्था असावी आणि तेथे प्रापंचिकांनाही व्याख्याने मिळावीत. पहिल्या दोन गोष्टी आपण बऱ्याच अंशी केल्या. तिसरीकडे आपले लक्षच गेले नाही.

आपल्या देशाचा कायदा आड येतो, असे अनेकदा म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणास मनाई केली. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थांत विद्यार्थ्याची, तो अज्ञान असल्यास पालकाची, संमती आवश्यक ठरविली. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने तर पदवीच्या पहिल्या वर्षी धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतील वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील प्रश्न शिकवावेत, अशी शिफारस केली होती. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात धार्मिक उपदेश आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद केला आणि दुसऱ्यास घटनेचा अडसर नाही असे सांगितले. श्रीपतच्या वडिलांना जो भेद दिसू शकला नाही, तो आज न्यायालयाने स्पष्ट केला आहे.

मग उणीव कोठे आहे? मी प्रथम माझ्याकडेच बोट दाखवितो. सेमिनरीत मी अनेक वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. उपनिषदे वाचली, बायबलची टीका शिकलो, ख्रिस्तसभेचा इतिहास पाठ केला. त्यातले मी धर्मग्रामाला काय दिले? दृढीकरण संस्कार झाला, की आमच्या मुलांचे धर्मशिक्षण संपते. मुलगा अभियंता होतो, मुलगी परिचारिका होते, परंतु श्रद्धेविषयीचे त्यांचे ज्ञान मात्र शाळकरी वयातच थांबलेले असते. वसतिगृहात सोबत्याने प्रश्न विचारला, तर ती गप्प बसतात किंवा रागावतात. आणि अडाणीपणातून जन्मलेले मौन शेजाऱ्यास उद्धटपणाच वाटते.

त्या विद्यार्थ्याने अखेर इतिहास हा गौण विषय घेतला. मी त्यास फादर हेरास यांची गोष्ट सांगितली आणि म्हटले, याही दाराने आत जाता येते. आता महिन्यातून दोनदा, शनिवारी सायंकाळी, आम्ही काही जण चर्चच्या ओसरीवर बसतो. एका आठवड्यात 'ख्रिस्तपुराण', दुसऱ्यात 'मनाचे श्लोक'. त्याच्या वर्गातील एक हिंदू मित्रही येतो. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, “फादर, माझ्या आईने विचारून यायला सांगितलंय, की तिथे नक्की काय शिकवतात?”

मला श्रीपतच्या वडिलांची आठवण झाली. मी त्यास म्हणालो, “पुढच्या वेळी आईलाच घेऊन ये. त्यांनी बसून ऐकावं.” त्या आल्या. शेवटपर्यंत बसल्या. जाताना त्यांनी 'मनाचे श्लोक' म्हणताना आमचे दोन उच्चार चुकल्याचे सांगितले आणि पुढच्या शनिवारी किती वाजता यायचे, हेही विचारले.