निद्रानाशावरील बोधात्मक वर्तनोपचार : स्वयं-उपचार

दीर्घकालीन निद्रानाशावरील औषधविरहित मानसोपचारपद्धती. पुस्तक, संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲप यांच्या आधारे रुग्ण ती स्वतः अमलात आणतो. मूळ उपचार ‘सीबीटी-आय’ या नावाने ओळखला जातो. झोपेसाठी पुरेसा वेळ असूनही आठवड्यातून किमान तीन रात्री झोप लागत नाही, मधेच मोडते किंवा पहाटेच उडते, दिवसा त्याचा त्रास होतो आणि हे तीन महिने चालते, तेव्हा निद्रानाश दीर्घकालीन मानतात.

तत्त्व : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी निद्रानाशाची कारणे तीन गटांत मांडली : मूळची प्रवृत्ती, तात्कालिक निमित्त आणि त्रास टिकवून ठेवणाऱ्या सवयी. घरातले आजारपण किंवा नोकरीतला ताण हे निमित्त सरते. पण झोप भरून काढण्यासाठी लवकर अंथरुणावर पडणे, सकाळी लोळत राहणे, लांबलेली वामकुक्षी या सवयी मागे उरतात. त्यामुळे झोपेची ओढ विरळ होते आणि अंथरुणाचे नाते जागरणाशी जुळते. उपचाराचा रोख या सवयींवर असतो.

कार्यपद्धती : सुरुवातीला एक-दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवतात. अंथरुणावर पडण्याची, उठण्याची वेळ आणि प्रत्यक्ष झोप यांची नोंद सकाळी अंदाजाने करावयाची असते. रात्री घड्याळ पाहावयाचे नसते. झोपेच्या काळाला अंथरुणातील एकूण काळाने भागून शंभराने गुणले की निद्राक्षमता मिळते. समजा, रात्री 10 ते सकाळी 6 असे आठ तास अंथरुणात जातात आणि झोप सरासरी साडेपाच तास लागते. निद्राक्षमता सुमारे 69 टक्के झाली. अशा वेळी उठण्याची वेळ 6 हीच पक्की ठेवून रात्री साडेबारालाच आडवे व्हावयाचे. निद्राक्षमता 85 ते 90 टक्क्यांवर गेली की अंथरुणातील काळ दर आठवड्याला सुमारे 15 मिनिटे वाढवतात. हा काळ सहसा पाच तासांखाली नेत नाहीत. स्पीलमन व सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडलेले हे निद्रामर्यादन उपचाराचा कणा आहे.

त्याच्या जोडीला रिचर्ड बूटझिन यांचे उद्दीपक-नियंत्रण (1972) येते : झोप आल्यावरच अंथरुणावर जावे, झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत मंद प्रकाशात बसावे व पेंग आल्यावरच परतावे, अंथरुणात मोबाइल, दूरदर्शन, हिशेब नकोत. ‘आज झोप झाली नाही तर उद्याचा दिवस वाया’ यांसारखे विचार लिहून काढून ते पूर्वीच्या अनुभवाशी ताडून पाहणे आणि स्नायुशिथिलीकरण हे उरलेले घटक होत.

प्रसार व परिणाम : प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये केली. प्रशिक्षित उपचारक मोजके असल्यामुळे स्वयं-उपचाराला महत्त्व आले. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने 2022 मध्ये ‘स्लीपिओ’ या ॲपची शिफारस केली. स्वयं-उपचाराने झोप सुधारते, असे चाचण्यांत दिसले आहे. समोरासमोरच्या उपचाराच्या मानाने परिणाम काहीसा कमी असतो. अर्ध्यावर सोडून देणे ही मुख्य अडचण होय. अधूनमधून कोणी फोनवर विचारपूस केली तरी उपचार नेटाने चालू राहण्यास मदत होते.

दक्षता : पहिल्या काही आठवड्यांत दिवसा पेंग वाढते; त्या काळात वाहन व यंत्रे चालवणे टाळावे. द्विध्रुवीय मनोविकार, अपस्मार किंवा झोपेत चालण्याची सवय असल्यास निद्रामर्यादन स्वतःहून करू नये. मोठे घोरणे व झोपेत श्वास अडणे ही श्वासरोधाची लक्षणे असू शकतात. त्यांची आधी तपासणी करावी. झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी कराव्यात.

निद्रानाश पुन्हा उद्भवू शकतो. नोंदवही ठेवण्याची व वेळा ठरवण्याची रीत अंगवळणी पडलेली असल्यास रुग्णाला ती लगेच पुन्हा लागू करता येते.