सर्वोत्तम उत्तर हेच, हे संगणक सिद्ध कसं करतो?

डिटर्मिनिस्टिक ग्लोबल ऑप्टिमायझेशन ही सर्वोत्तम उत्तर शोधण्याची आणि त्याहून चांगलं उत्तर नाही हे सिद्ध करण्याची गणिती पद्धत आहे. तेलशुद्धीकरण, रसायन कारखाने आणि वीजजाळ्यांच्या नियोजनात ती उपयोगी पडते.

प्रश्न अवघड का होतो?

टाकी बांधायची की नाही, हा ‘हो-नाही’ निर्णय. तेल किती सोडायचं, हा कमी-जास्त करता येणारा निर्णय. दोन्ही एकत्र आले की प्रश्न ‘मिक्स्ड-इंटिजर’ होतो. त्यात अज्ञात संख्यांचे गुणाकार आले की तो बहुधा ‘नॉनकॉन्व्हेक्स’ही होतो, म्हणजे नफ्याच्या आलेखाला अनेक शिखरं असू शकतात. फक्त चढाकडे पाहत जाणारी पद्धत छोट्या टेकडीवरच थांबते.

हॅव्हर्लींचं उदाहरण

सी. ए. हॅव्हर्ली यांनी १९७८ मध्ये मांडलेला हा प्रश्न आजही शिकवला जातो.

- तेल अ: गंधक ३ टक्के, भाव ६
- तेल ब: गंधक १ टक्का, भाव १६
- तेल क: गंधक २ टक्के, भाव १०
- साधं इंधन: गंधक जास्तीत जास्त २.५ टक्के, भाव ९, मागणी १००
- चांगलं इंधन: गंधक जास्तीत जास्त १.५ टक्के, भाव १५, मागणी २००

अट एकच: अ आणि ब एकाच टाकीतून जातात. क थेट मिसळता येतं.

टाकीत फक्त अ भरून, निम्मं क मिसळून साधं इंधन केलं, तर नफा १००. मिश्रण थोडं बदललं की नफा घटतो, म्हणून साधी पद्धत इथेच थांबू शकते. टाकीत फक्त ब भरून, निम्मं क मिसळून चांगलं इंधन केलं, तर नफा ४००.

४०० हेच शेवटचं कशावरून?

टाकीची अट बाजूला ठेवली तरी दोन्ही इंधनांचा मिळून नफा ५०० च्या वर जात नाही. ही झाली वरची मर्यादा. आता टाकीतल्या गंधकानुसार दोन फांद्या पाडू.

- २ ते ३ टक्के: चांगलं इंधन बनतच नाही. नफा फार तर १००. फांदी छाटली.
- १ ते २ टक्के: साध्या इंधनाचा खर्च किमान १० आणि भाव ९, म्हणजे तोटाच. उरलं चांगलं इंधन, नफा फार तर ४००.

मर्यादा ५०० वरून ४०० वर आली. सिद्धता पूर्ण!

हीच ‘ब्रांच अँड बाउंड’ पद्धत. आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी ती १९६० मध्ये पूर्णांकी निर्णयांसाठी मांडली. गुणाकाराला सरळ रेषांनी वेढून मर्यादा काढण्याची युक्ती गार्थ मॅककॉर्मिक यांनी १९७६ मध्ये दिली. बॅरॉन, स्किप यांसारखी सॉफ्टवेअर दोन्ही वापरतात.

मर्यादा काय?

प्रश्न मोठा झाला की फांद्या प्रचंड वाढतात आणि वेळ पुरत नाही. तरीही मध्येच थांबलं, तर हातातलं उत्तर आणि वरची मर्यादा यांतलं अंतर कळतं. ते १ टक्का असेल, तर त्याहून जास्त सुधारणेला वाव नाही, याची खात्री मिळते.