एक्कावन्न गेम

शुक्रवार, ८ जून १९८४. दोन दिवस बाकी.

पॅरिस, रोलाँ गॅरोस. फ्रेंच ओपन टेनिसच्या उपांत्य फेरीत अमेरिकेच्या जॉन मॅकेन्रोने जिमी कॉनर्सचा ७-५, ६-१, ६-२ असा फडशा पाडला आहे. वर्ष सुरू झाल्यापासूनचा हा त्याचा सलग ४२वा विजय. जानेवारीपासून एकही पराभव नाही. मेमध्ये न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सला मातीच्याच कोर्टवर त्याने इव्हान लेंडलला अंतिम सामन्यात हरवलंय. टोनी ट्रॅबर्टने १९५५ साली इथे कप उचलला, त्यानंतर एकाही अमेरिकन पुरुषाला तो मिळालेला नाही. ही २९ वर्षांची वाट आता संपणार, असंच जो तो धरून चालला आहे.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात लेंडलने मॅट्स विलँडरला ६-३, ६-३, ७-५ हरवलं. हा विलँडर म्हणजे १९८२चा इथला विजेता. तरी लेंडलवर कुणाचा भरवसा नाही. ग्रँड स्लॅमचे चार अंतिम सामने तो खेळला आणि चारही हरला : इथेच १९८१मध्ये बोर्गकडून, अमेरिकन ओपनला दोनदा कॉनर्सकडून, ऑस्ट्रेलियात विलँडरकडून. ऐन वेळी हातपाय गाळतो, हा शिक्का त्याच्यावर बसला आहे.

शनिवार. एक दिवस बाकी.

महिलांच्या अंतिम सामन्यात मार्टिना नवरातिलोवाने ख्रिस एव्हर्टला ६-३, ६-१ असं सहज हरवलं. उद्याचा सामनाही एकतर्फीच होईल, असं वाटायला लावणारा निकाल.

रविवार, १० जून. ५१ गेम बाकी.

टेनिसला वेळेचं बंधन नाही. शेवटचा गुण पडेपर्यंत सामना चालतो, म्हणून इथून पुढचा हिशेब गेममध्ये. हवा तापलेली आहे. कोर्टवर विटांच्या भुग्याचा पातळ थर आहे. त्यावर चेंडूचा वेग मरतो, टप्पा उंच उठतो, आणि पासिंग शॉट मारणाऱ्याला तयारीसाठी तो अर्धा क्षण जास्त मिळतो. सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्यांचा इथे सहसा निभाव लागत नाही. मॅकेन्रो आज नेमका तोच खेळ खेळणार आहे.

४२ गेम बाकी. मॅकेन्रो ६-३.

मातीने काही फरकच पडत नाहीये. डावखुऱ्याची बाहेर वळत जाणारी सर्व्हिस लेंडलला पार कोर्टच्या कडेला खेचते. तो परत येईतो मॅकेन्रो नेटवर हजर असतो आणि मोकळ्या जागेत व्हॉली अलगद टाकून देतो.

३४ गेम बाकी. मॅकेन्रो ६-२.

दोन सेट खिशात. मातीवर याहून सुंदर आक्रमक टेनिस कुणी खेळलं असेल, असं मला वाटत नाही.

तिसरा सेट नुकताच सुरू झालाय.

कोर्टच्या कडेला टीव्हीचा एक कॅमेरामन आहे. त्याने हेडसेट कानावरून काढून ठेवलाय, आणि त्यातून सूचना देणाऱ्याचा आवाज झिरपत बाहेर येतोय. दोन गुणांच्या मधल्या शांततेत तो मॅकेन्रोच्या कानाला खुपतो. तो चालत तिथे जातो, हेडसेट उचलतो आणि त्यात जिवाच्या आकांताने ओरडतो. प्रेक्षक बिथरतात. आतापर्यंत बरेचसे त्याच्याच बाजूचे होते, ते आता लेंडलला ओरडून बळ देऊ लागतात.

पुढची कित्येक वर्षं या सामन्याची गोष्ट याच क्षणावरून सांगितली गेली. खुद्द मॅकेन्रोनेही तशीच सांगितली. मला ते अर्धंच खरं वाटतं. हेडसेटने त्याचं चित्त विचलित केलं, हे मान्य. पण नेटच्या पलीकडे एक माणूस उभा होता आणि त्याने डोकं शांत ठेवून आपला खेळ बदलला होता. त्याच्याबद्दल फारच कमी बोललं गेलं.

२४ गेम बाकी. लेंडल ६-४.

बदल साधाच आहे, पण घाव वर्मी बसणारा. लेंडल आता लॉब टाकू लागलाय. वेळ काढण्यासाठी मारतात तसला उंच, सपाट लॉब नव्हे. टॉपस्पिन दिलेला हा चेंडू मॅकेन्रोच्या रॅकेटवरून जेमतेम निसटतो, बेसलाइनच्या आत झपकन उतरतो आणि टप्पा पडताच मागच्या भिंतीकडे पळतो. धावत जाऊनही तो हाती लागत नाही. असे चार-पाच लॉब डोक्यावरून गेले की नेटला चिकटून उभं राहायची हिंमत होत नाही. मॅकेन्रो पाऊलभर मागे सरकतो. तेवढ्या पाऊलभर जागेत लेंडलचे क्रॉसकोर्ट पासिंग शॉट बसू लागतात.

१८ गेम बाकी. चौथा सेट, मॅकेन्रो ४-२.

एवढं होऊनही कप त्याच्याच हाताशी आहे. एक ब्रेक पुढे आहे. आपल्या सर्व्हिसचे दोन गेम राखले की संपलं. पण उन्हाने आणि लॉबमागच्या धावपळीने पाय जड झालेत. पहिली सर्व्हिस आधीसारखी पडत नाही, आणि दुसरीवर लेंडल तुटून पडतोय. ब्रेक परत जातो.

१२ गेम बाकी. लेंडल ७-५.

दोन-दोन सेट. हातातोंडाशी आलेला घास गेला. चार अंतिम सामन्यांत कोलमडलेला लेंडल पाचव्या सेटमध्ये ताजातवाना दिसतोय, आणि दमलाय तो जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू.

२ गेम बाकी. पाचवा सेट, ५-५.

मॅकेन्रो अजूनही नेटवर जातोय. दुसरा खेळ त्याला माहीतच नाही, आणि तो बदलायला आता उशीर झालाय.

१ गेम बाकी. लेंडल ६-५, सर्व्हिस मॅकेन्रोची.

लेंडलच्या हाती मॅच पॉइंट. मॅकेन्रो सर्व्हिस करून पुढे येतो. समोर फोरहँड व्हॉली, असली त्याने आयुष्यभर डोळे मिटून मारलेली. चेंडू रेषेबाहेर जातो.

३-६, २-६, ६-४, ७-५, ७-५. चार तास आठ मिनिटं.

नंतर.

मॅकेन्रोने त्याच वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन जिंकलं. अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात तर त्याने लेंडललाच सरळ तीन सेटमध्ये लोळवलं. वर्षभरात ८२ विजय आणि फक्त तीन पराभव : पॅरिसचा हा, सिनसिनाटीत पहिल्याच फेरीत आपल्या विजय अमृतराजने केलेला, आणि डिसेंबरात डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत स्वीडनच्या हेन्रिक सुंडस्ट्रॉमकडून झालेला, तोही मातीवरच. समालोचनासाठी पॅरिसला गेलं की आजही त्या सामन्याच्या आठवणीने पोटात कालवतं, असं तो सांगत आलाय.

लेंडलचा शिक्का त्या दुपारी पुसला गेला. पुढे त्याची एकूण आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदं झाली, त्यांतली तीन याच कोर्टवरची. अमेरिकेला पॅरिसचा कप १९८९ साली १७ वर्षांच्या मायकेल चँगने मिळवून दिला. मॅकेन्रो तिथल्या अंतिम फेरीत पुन्हा कधीच पोहोचला नाही.