दहा वर्षांचं आयुष्य

गेल्या रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या बहुमजली पार्किंगमध्ये, चौथ्या मजल्यावर, मी फतकल मारून बसलो होतो. समोर वर्तमानपत्रावर कार्बोरेटरचे सुटे भाग, हातात जुना टूथब्रश, नखांत काळं. शेजारच्या ब्लॉकमधले एक चिनी आजोबा (इथे सगळ्या आजोबांना अंकलच म्हणायचं) थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ही अजून कशाला ठेवलीस? सरकार नेणारच आहे की!"

आता सरकार माझी मोटरसायकल का नेणार, हे सांगायचं तर जरा मागे जायला हवं. बरंच मागे.

मी राहतो त्या भागाचं नाव चोआ चू कांग. 'कांग' म्हणजे नदीकाठ, 'कांगचू' म्हणजे त्या काठाचा मालक, आणि 'चोआ' हे आडनाव. एकोणिसाव्या शतकात चिनी मळेवाले इथल्या ओढ्या-नद्यांच्या काठी गँबियर आणि मिरी लावायचे. गँबियर म्हणजे आपल्या काताचाच भाऊबंद. कातडी कमवायला, रंगवायला आणि हो, पानात घालायलाही. हे पीक जमिनीचा कस इतका खाऊन टाकायचं की पंधरा-वीस वर्षांत मळा संपायचा. मग मळेवाले तो सोडून पुढच्या नदीकडे जायचे. कस संपला की सोड आणि पुढे चल. ही सवय या बेटाला जुनीच म्हणायची.

आता मोटरसायकल. सिंगापूरने १ मे १९९०पासून वाहनांचा कोटा ठरवला. नवीन गाडी रस्त्यावर आणायची तर आधी लिलावात बोली लावून एक परवाना घ्यायचा, त्याला सगळे 'सीओई' म्हणतात. हा परवाना दहा वर्षांचा. गाडी तुमची, पण रस्ता दहा वर्षांच्या भाड्याने! मुदत संपली की एकतर त्या वेळच्या सरासरी भावाने परवाना पुन्हा विकत घ्या, नाहीतर नोंदणी रद्द करा. आणि नोंदणी रद्द झालेली गाडी आपल्याकडच्यासारखी परसात ताडपत्री टाकून ठेवता येत नाही. भंगारात द्यायची किंवा देशाबाहेर पाठवायची.

दुचाकीचा परवाना २०१२च्या सुमारास दोन हजार डॉलरच्या आसपास मिळायचा. २०२२मध्ये तो दहा हजारांच्या वर गेला. एका डॉलरचे साठ-सत्तर रुपये धरा आणि करा हिशेब. नुसत्या परवान्याच्या पैशात आपल्याकडे तीन-चार बुलेट येतील. त्यामुळे इथे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न "इंजिन कसं आहे?" हा नसतोच. "सीओई किती उरलाय?" हा असतो. इंजिन त्यानंतर.

माझी गाडी यामाहा आरएक्सझी. १३३ सीसी, टू-स्ट्रोक, २००१ची नोंदणी. मलेशियात ही १९८५पासून २०११पर्यंत बनत होती, म्हणून पुलापलीकडे जोहोर बाहरूत सुटे भाग अजून मिळतात. आपल्या आरएक्स १०० ची ती थोरली चुलत बहीण. आवाज तोच! पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला एकदम फलटणचा स्टँड आठवला. सौदा तिथेच झाला म्हणा ना. तरी संशोधक इंजिनीअर असल्याचं सोंग आणून मी सगळं तपासलं. टाकीत टॉर्च मारून गंज पाहिला (इथल्या दमट हवेत हे आधी), मागच्या चक्रावरून साखळी ओढून पाहिली, इंजिन थंड असताना किक मारून दाब पाहिला, इंजिन नंबर कागदाशी ताडला. पीएचडीच्या काळात धातूच्या थकव्यावर शेकडो पानं लिहिली होती, पण क्रँकची ऑइल सील वाळली आहेत हे मला कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात गाडी थांबली की इंजिन आपोआप भणभणायला लागलं आणि मागे पांढरा धूर. आमच्या फलटणच्या मिस्त्रींनी ते लांबूनच ओळखलं असतं.

त्या मिस्त्रींकडे बाबांची येझदी असायची. महिन्यातून निदान दोनदा. किक आणि गिअरचा दांडा एकच. तो आत दाबून फिरवला की किकचा गिअर व्हायचा, आणि लहानपणी मला ही जादू वाटायची. पेट्रोल भरताना मापाने ऑइल ओतायचं, ते काम माझं.

या येझदीची गोष्ट मला परदेशी आल्यावर नीट कळली. चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९मध्ये वांडरर या जर्मन कंपनीची मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले. दोन नावांची पहिली अक्षरं जोडून झाली 'जावा'. मुंबईचे रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी ती भारतात आणली, म्हैसूरला १९६०मध्ये आयडियल जावा कंपनी निघाली. १९७३पासून गाडीचं नाव येझदी झालं, इराणातल्या यझ्द शहरावरून. म्हणजे चेक गाडी, जर्मन पूर्वज, इराणी नाव, म्हैसूरचा कारखाना आणि फलटणचा मालक. आणि आम्ही ग्लोबलायझेशन १९९१ला सुरू झालं असं शाळेत शिकलो!

बुलेटचंही तेच. मद्रासला १९५५पासून बनू लागली. मूळ इंग्रजी कंपनी १९७०मध्ये बंद पडली, पण आपल्याकडची चालूच राहिली. १९७७पासून तर मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात व्हायला लागली. दूधवाल्यांची राजदूत मूळची पोलंडची, एसएचएल नावाची. एस्कॉर्ट्सने ती १९६२पासून इथे बनवली. घरच्या गावी मेलेली ही यंत्रं आपल्याकडे पुढची कित्येक वर्षं कॅन, गॅस सिलिंडर आणि मागे नवरा-बायको-दोन पोरं घेऊन धावली.

यात प्रेमाचा भाग किती? मला वाटतं, सुरुवातीला फार नव्हता. परवाना राज्यात नवीन मॉडेल येतच नव्हतं, स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, मग आहे ती गाडी टिकवण्यावाचून इलाज काय? सायलेन्सर विस्तवात भाजून आतली काजळी काढणारे मिस्त्री, लेथवर बुश कातून देणारे, नाना पेठेत पोत्यातून सुटे भाग निवडणारे, ही सगळी जमात त्या टंचाईने तयार केली. १९८४-८५पासून जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आल्या, प्रदूषणाचे नियम आले, आरएक्स १०० आणि येझदी दोन्ही १९९६मध्ये बंद झाल्या. प्रेम त्यानंतरचं. गाडी मिळेनाशी झाल्यावरचं.

सिंगापूरमध्ये बरोबर उलटं झालं. इथे टंचाई गाड्यांची नाही, रस्त्याची. त्यामुळे चांगली चालणारी यंत्रं दहा वर्षांत बाद होतात आणि दुरुस्तीपेक्षा बदलणं सोपं पडतं. म्हणूनच इथला जुन्या गाडीचा शौकीन थोडा वेडा समजला जातो. दर वर्षी तपासणी, दर दहा वर्षांनी परवाना, आणि सुटे भाग आणायला पासपोर्ट!

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. एप्रिल २०१८मध्ये इथल्या पर्यावरण खात्याने जाहीर केलं की १ जुलै २००३पूर्वी नोंदलेल्या मोटरसायकली ३० जून २०२८नंतर रस्त्यावर चालणार नाहीत. अशा सुमारे २७ हजार होत्या. पाच वर्षांच्या आत स्वखुशीने गाडी काढणाऱ्याला साडेतीन हजार डॉलरपर्यंत पैसे. बऱ्याच जणांनी ते घेतले. माझ्या आधीच्या मालकाने घेतले नाहीत, आणि मी त्याच्याकडून गाडी घेतली तेव्हा तारीख मला माहीत होती. फसवलं कोणी नाही.

आणि खरं सांगू? इंजिनीअर म्हणून मला त्या खात्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येत असतानाच जळालेला वायू बाहेर जात असतो, दोन्ही दारं एकाच वेळी उघडी. काही पेट्रोल न जळताच निसटतं, वर ऑइल जळतं ते वेगळं. चोआ चू कांगमध्ये एकेका ब्लॉकात शेकडो घरं. माझ्या रविवारच्या हौसेचा धूर तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाने का घ्यावा? पुण्यात रुमाल बांधून फिरलेल्या माणसाने तरी हे विचारायला हवं. म्हणून मी खाली ढकलत नेतो आणि मोठ्या रस्त्यावरच चालू करतो. हे उत्तर नव्हे, ठाऊक आहे.

पळवाट एक आहे. पस्तीस वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना 'क्लासिक' म्हणून नोंदता येतं. वर्षातून फक्त ४५ दिवस चालवायच्या, पण जिवंत राहतात. माझी पस्तिशीची होईल २०३६मध्ये. जाणार २०२८मध्ये. मधली आठ वर्षं तिने कुठे काढायची? इथे ठेवता येत नाही. भारतात पाठवावी, तर आयातीला तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही. पन्नाशीची गाडी वारसा, पंचविशीची कचरा, आणि मधलं कोणी विचारत नाही.

रात्री बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी सातवीत असताना त्यांनी येझदी विकली, त्या दिवशी ते जेवले नव्हते. म्हणाले, "आपली येझदी परवा दिसली रे. गिरवीच्या बाजूला. ज्याला विकली त्याचा मुलगा चालवतो, हँडल बदललंय गाढवाने." मी विचारलं, कागद? "दर पाच वर्षांनी पासिंग करून आणतो म्हणाला."

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या सीलचं काय झालं?"

बदलली, बाबा. दोन्ही बाजूंची. जोहोरहून आणली, जपानी आहेत. पुढच्या महिन्यात तपासणी आहे.