भोपळा, पांगारा आणि पोहण्याचा गॉगल



एप्रिल आला की पोहण्याच्या वर्गांचे फलक लागतात आणि आयांच्या हातात सामानाची यादी येते: कॉस्च्यूम, टोपी, गॉगल, हाताचे फुगे. आपल्याकडे त्या यादीच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. ज्या घरात पाणी दुहेरी कापडातून गाळून घेतात, त्या घरातल्या पोराला तलावात उडी मारायला पाठवायचं का? मला हे दोन्ही विषय वेगळे वाटत नाहीत. पोहायला शिकण्याचं आपल्याकडचं सगळ्यात जुनं साधन आपल्या शास्त्रातही आहे.

ते साधन म्हणजे वाळलेला भोपळा. दुध्या भोपळा वेलावरच जून होऊ दिला की साल लाकडासारखी टणक होते आणि आत नुसती हवा राहते. त्याच भोपळ्याचा मिरजेत तंबोरा होतो. असे दोन भोपळे बांधले की झाली सांगड. त्यावर माणसं नदी ओलांडत आणि त्याच आधाराने पोरं पोहायला शिकत. भगवान महावीरांना गौतम गणधरांनी विचारलं, जीव जड कशाने होतो आणि हलका कशाने? उत्तरात भगवंतांनी भोपळाच समोर ठेवला. कोरड्या भोपळ्यावर गवत आणि मातीचे एकावर एक आठ लेप दिले तर तो तळाला जातो, आणि लेप भिजून सुटत गेले की आपोआप वर येतो. आठ लेप म्हणजे आठ कर्मं. ज्ञाताधर्मकथेत यावर एक अख्खं अध्ययन आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या दहाव्या अध्यायातही हाच दृष्टांत येतो, म्हणजे दिगंबर-श्वेतांबर दोघांनाही तो मान्य. भोपळ्याला वर यायला कोणी शिकवावं लागत नाही, तो त्याचा स्वभावच, हे ज्यांनी रोज नदीकाठी पाहिलं असेल त्यांनाच हा दृष्टांत चटकन कळला असणार.

इतर ठिकाणी याच कामाला कातडी वापरली. ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातल्या शिळा आहेत, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या. त्यात शेळीची फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी पार करणारे सैनिक कोरलेले आहेत. आपल्याकडे भोपळ्यावर भागलं, याचं मला बरंच समाधान आहे.

गावाकडे भोपळ्याच्या जोडीला पांगाऱ्याचा ओंडका असे. पांगाऱ्याचं लाकूड इतकं हलकं की सरपणालाही कोणी फारसं मानत नाही, पण पाण्यावर छान तरंगतं. पुढे तेलाचे पत्र्याचे डबे आले, मग प्लास्टिकचे कॅन. हे सगळं पाठीला बांधत, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता मूळ प्रश्न. जुनी माणसं विहिरीत पोहायला मनाई करत, त्याला कारण होतं. पाणी स्वतःच अप्कायिक जीव, शिवाय त्यात राहणारे त्रस जीव वेगळे. गाळून उरलेली जिवाणीसुद्धा ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची, तिथे उड्या मारून पाणी ढवळणं कसं बसणार? पण समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंड समजावताना पाणी, अग्नी, वारा, जमीन यांच्या निष्फळ, विनाकारण हिंसेला दोष दिला आहे. इथे ‘विनाकारण’ हा शब्द महत्त्वाचा. कृष्णा-पंचगंगेकाठी आपल्या समाजाची किती गावं आहेत! 2005चा पूर पाहिला, 2019चा पाहिला. 2019च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, त्यात बायका-मुलं बुडाली. त्यानंतर पोहायला शिकणं मी तरी मौजेत धरत नाही. शिकावं, आणि शिकून झालं की तासन्‌तास डुंबत बसू नये, इतकी मर्यादा मला पटते. हे माझं मत. कोणाचा नियम याहून कडक असेल तर त्याचा आदरच आहे.

अंगावरच्या कपड्यांचा इतिहास अहिंसेच्या नजरेने पाहिला तर गमतीचा आहे. ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा पोहल्या 1912 मध्ये, स्टॉकहोमला. त्या काळी पोहण्याचे साधे पोशाख लोकरीचे असत, भिजले की खाली ओढणारे. वेग हवा तर रेशीम. 1932 मध्ये लॉस एंजेलिसला सुवर्णपदक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर डेनिसचा पोशाखही स्पीडो कंपनीने केलेला रेशमीच होता. एका पोशाखामागे किती कोष उकळले असतील, तो हिशोब नकोच. 1935 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्सने नायलॉन तयार केलं आणि 1958 मध्ये तिथेच जोसेफ शिव्हर्सने लायक्राचा ताणला जाणारा धागा. आज दुकानातला मुलांचा कॉस्च्यूम रेशीम-लोकरीपासून मोकळा आहे, तो यामुळे. मुलींसाठी गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा मिळतो, तोच घ्यावा. उन्हापासूनही बचाव होतो. सुती कपडा मात्र नको. तो पाणी धरून जड होतो आणि त्याचे तंतू तलावाच्या गाळणीत अडकतात. (गाळणी तिथेही आहेच!)

गॉगलची गोष्ट 1926ची. वीस वर्षांची गर्ट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री ठरली, तेव्हा तिच्या डोळ्यांवर मोटारसायकलवाल्यांसारखा गॉगल होता, कडा मेणाने बुजवलेल्या. 1958 मध्ये आपल्या मिहीर सेन यांनी ती खाडी ओलांडली आणि पुढच्याच वर्षी आरती साहा यांनी. मुलांसाठी गॉगल घेताना मेणाचं ते काम आता सिलिकॉनची कड करते. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबावा. क्षणभर चिकटून राहिला तर मापाचा. मोठ्यांचा गॉगल पट्टा आवळून मुलाला कधीच बसत नाही.

हाताचे फुगे एका बापाच्या काळजीतून आले. 1956 मध्ये हॅम्बुर्गला बर्नहार्ड मार्कविट्झ यांची तीन वर्षांची मुलगी माशांच्या हौदात पडली, बुडता बुडता वाचली. त्यांनी खटपट करून दंडाला घालायचे फुगे बनवले आणि 1964 पासून ते विकायला आले. हेतू मोलाचा, पण शिकण्यासाठी ते मला फारसे पटत नाहीत. फुगे दंडाला असल्याने मूल पाण्यात उभं लटकतं, शिडी चढल्यासारखे पाय मारतं. पोहताना तर अंग आडवं हवं. पाठीवरचा पांगारा किंवा डबा नेमकं तेच करायचा, आणि धीर आला की ओंडका लहान लहान करत काढून टाकायचे. आज हातात धरायची फोमची फळी त्याच्या जवळपास जाते. फुगे घालाच, तर आपला हात पोहोचेल इतक्या अंतरावर मोठं माणूस पाण्यात हवं.

राहिली टोपी. लेटेक्सची स्वस्त असते, पण आपण मुलींच्या डोक्याला खोबरेल चोपडतो आणि तेलाने लेटेक्स चिकट होऊन फाटतं. शिवाय केस ओढले जातात. सिलिकॉनची थोडी महाग पडली तरी दोन-तीन उन्हाळे सहज चालते. पोहून आल्यावर कॉस्च्यूम लगेच साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत टाकावा, क्लोरीनने लायक्रा सैल पडतो. एक तांब्या पाणी पुरतं, नळ चालू ठेवायची गरज नाही.